न झालेली कावीळ

अमरावती, रविवार, १३ जानेवारी १९६३

बारा वर्षं मी वर्गात मुलांना सांगत आलो की दैनंदिनी लिहा, स्वतःशी खरं बोलायची सवय लागते. स्वतः मात्र एक पान लिहिलं नव्हतं. आज लिहायला बसलो, कारण काल जे केलं ते माझ्या बायकोला, चारुशीलेलाही सांगायची सोय नाही.

वसंताला अकोल्यात रक्ताची उलटी झाली. माझा हा धाकटा भाऊ सव्वीस वर्षांचा आहे, कचेरीत कारकून आहे आणि एकटाच खोली घेऊन राहतो. गुरुवारी कचेरीतच झाली. देवराव नावाच्या शिपायानं त्याला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं आणि आम्हाला तार केली. मी पोचलो तेव्हा तो पार पांढरा पडला होता. डॉक्टरांनी पोट चाचपून विचारलं, दारू घेता का? वसंता नाही म्हणाला. मी मान खाली घातली, जणू काही तो हो म्हणाला होता.

मग त्याला झोप लागल्यावर मी त्याच्या खोलीवर गेलो. ट्रंक उघडली, गादी उलटी केली, फळीवरच्या बाटल्या एकेक हुंगून पाहिल्या. एकीत खोबरेल तेल होतं, दुसरीत शाई. घरमालकीण दारात येऊन उभी राहिली आणि काही हरवलं का म्हणाली. मी म्हणालो, विम्याचे कागद शोधतोय. बी.ए., बी.टी. झालेला मुख्य सहायक शिक्षक शाईची बाटली हुंगत होता, हे तिनं पाहिलं.

अकोला, गुरुवार, १७ जानेवारी

दारूबिरू काही नाही. डॉ. ओमप्रकाश मुंधडा म्हणून नवे सर्जन आहेत, मुंबईला शिकून आलेले, बोलणं अस्सल इकडचं. त्यांनी आईला आणि मला समोर बसवून समजावलं. आतड्यातलं सगळं रक्त एका मोठ्या शिरेतून यकृतात जातं. वसंताची ती शीरच बुजली आहे. रक्ताला जायला वाट नाही, म्हणून ते घशाखालच्या बारीक शिरांत घुसतं. त्या फुगतात आणि एक दिवस फुटतात. पाणथरीही, म्हणजे प्लीहाही, त्यामुळंच वाढली.

आईला हे काही झेपत नव्हतं. तेव्हा डॉक्टर तिला म्हणाले, “माय, संत्र्याच्या बागेत पाट तुंबला त पाणी बांध फोडते का नाही? मी पोराले दुसरा पाट काढून देतो.” पाणथरी काढायची आणि तिची शीर मूत्रपिंडाच्या शिरेला शिवून टाकायची, असं हे ऑपरेशन आहे. पाच-सहा तास लागतील. इकडं आजवर फारसं कुणी केलेलं नाही. पण न केलं आणि शीर पुन्हा फुटली, तर दवाखान्यात पोचायलाही वेळ मिळणार नाही.

त्यांनी आईला विचारलं, तान्हेपणी याची बेंबी पिकली होती का? आई म्हणाली, तीन आठवडे वाहत होती. तिथूनच शीर बुजली असावी म्हणाले. आई तेव्हापासून स्वतःलाच बोल लावते आहे. मी पाच दिवसांपूर्वी काय हुंगत होतो ते तिला ठाऊक नाही.

ऑपरेशनला सहा बाटल्या रक्त लागेल. ते आपलं आपणच जमवायचं. डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले, सख्खा भाऊ असला की बरं असते.

अमरावती, सोमवार, २१ जानेवारी

रक्तासाठी वणवण. बापूसाहेब, म्हणजे आमचे मामा, अकोल्याचे नावाजलेले वकील, म्हणाले, पैसे लागले तर सांग, पण रक्ताचं नाव काढू नको, माणूस जन्माचा खचतो. त्यांच्या दोन्ही मुलांना अचानक सर्दी झाली. वसंताच्या कचेरीतले तिघं मात्र तयार आहेत. देवराव तर कालच दंड पुढं करून बसला होता. नागपूरहून दोन बाटल्यांची सोय डॉक्टर करतायत. म्हणजे पाच झाल्या. सहावी माझी, असं सगळे धरूनच चालले आहेत.

आता खरं लिहितो. नोव्हेंबरात चीनशी लढाई चालू असताना शाळेच्या मैदानावर सभा झाली. जवानांना रक्त द्या यावर मी पाऊण तास बोललो. बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरांची रांग लागली. कंपाउंडर म्हणाला, पहिला मान सरांचा. तेव्हा मी म्हणालो, काय सांगू, सातवीत असताना मला कावीळ झाली होती, तुमच्या नियमात बसत असेल तर माझी ना नाही. कंपाउंडर हळहळला. टेबलाशी नावं लिहायला आमच्या शाळेतला गणिताचा मास्तर धर्मपाल तायडे होता. त्यानं माझ्या नावापुढं ‘कावीळ’ असं लिहिलं.

मला कावीळ कधीच झालेली नाही. मला सुईची भीती वाटते. अजून खरं लिहायचं तर अंगातून काहीतरी जाईल आणि ते परत भरून येणार नाही, याची.

संध्याकाळी तायडे घरी आला होता. तो आणि वसंता कॉलेजात एका बाकावर होते. पूर्वी नुसता धर्मा होता, छप्पन सालानंतर धर्मपाल लिहितो. ओट्यावरच बसला. आईनं त्याला त्याच्या वेगळ्या ठेवलेल्या कपात चहा दिला. मी असलं काही मानत नाही, पण घर आईचं आहे. वसंताचं रक्त कोणत्या गटाचं, एवढंच त्यानं विचारलं. मी सांगितलं. माझंही तेच आहे म्हणाला आणि सायकल काढून गेला.

अकोला, मंगळवार, २९ जानेवारी

पहाटेच्या पॅसेंजरनं बडनेऱ्याहून निघालो. तायडे सोबत होता. रजा टाकून आला. मूर्तिजापूरपर्यंत मी मनाशी पक्कं केलं होतं की आज द्यायचंच. भाऊ आहे तो. बोट टोचून रक्त तपासलं, ते मी डोळे मिटून सोसलं. माझा गट जुळला. डॉक्टर खूश झाले. म्हणाले, चला सर, आता तुमीच.

खोलीत लोखंडी पलंग होता. देवराव त्यावर पडलेला होता आणि त्याच्या दंडातून नळी खालच्या काचेच्या बाटलीत गेली होती. बाटली अर्धी भरली होती. तेवढं पाहून मी दारातच थांबलो. पाय उचलेना.

तेवढ्यात तायडे मागून म्हणाला, “डॉक्टरसाहेब, सरांना कावीळ झालेली आहे. माझ्यासमोर सांगितलं होतं त्यांनी. माझं घ्या.”

डॉक्टरांनी मला विचारलं, कधी? मी म्हणालो, सातवीत. त्यांनी कागदावर लिहून घेतलं. वर वसंताच्या कागदावरही लिहिलं की भावाला कावीळ होऊन गेली, कारण यकृताच्या दुखण्यात घरातल्यांचं सगळं बघावं लागतं म्हणे. माझं खोटं आता वसंताच्या उशाशी टांगलेलं आहे.

तायड्याचा मला राग आला. मी देणार होतो. पाय उचलत नव्हता, पण दोन मिनिटांत उचलला असता. या माणसाच्या भोळेपणानं माझी वाट बंद केली. सकाळी येताना गाडीत तो डबा उघडून बसला आणि मला भाकरी पुढं केली. भूक नाही म्हणालो.

अकोला, शनिवार, २ फेब्रुवारी

सकाळी आठला वसंताला आत घेतलं. स्ट्रेचरवरून त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, “दादा, माझी ट्रंक कोणी उघडली होती?” मी म्हणालो, मी, कपडे काढायला. तो हसला. घरमालकिणीनं त्याला सगळं सांगितलं असणार.

बाहेर आई, मी आणि तायडे असे तिघं. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, शुक्रवारी शाळा सुटल्यावर परस्पर आला. आई दुपारी जवळच्या देवळात गेली. एकच्या सुमारास परिचारिका बाहेर आली. रक्त जास्त गेलं होतं, सहाच्या सहा बाटल्या संपत आल्या होत्या, त्याच गटाची आणखी एक आत्ताच्या आत्ता हवी होती. देवराव गावाला गेला होता. बाहेर त्या गटाची दोनच माणसं होती.

मी उठलो. उठलो हे नक्की. कावीळबिवीळ काही नाही, माझं घ्या, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मी ते तीनदा मनात म्हटलं. परिचारिका माझ्याकडे बघत उभी होती.

तायड्यानं बाही वर केली. त्यानं चार दिवसांपूर्वीच दिलेलं आहे हे तिच्या लक्षात होतं. ती म्हणाली, तुमचं चालणार नाही.

“त्या हाताचं दिलं,” तायडे म्हणाला. “आता या हाताचं घ्या. सरांना चालत नाही.”

ती आत विचारून आली. आत वसंताचं उघडं पोट समोर असलेल्या डॉक्टरांना तरी दुसरा काय इलाज होता? तायड्याला घेऊन गेले. मी बसलो. माझं वाक्य अजून तोंडातच होतं.

आई परत आली तेव्हा परिचारिका दारातून सांगत होती की आता काळजी नाही, तुमच्या माणसानं ऐनवेळी रक्त दिलं म्हणून निभावलं. बाहेर मी एकटाच होतो. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि दोन्ही हातांची बोटं आपल्या कानशिलांवर मोडली. मी काही बोललो नाही. आता सांगून तिला कशाला गोंधळात टाका, असं मी स्वतःला म्हणालो. वसंता आत जगत होता, त्या आनंदात आपलं हे कुठं, असंही म्हणालो.

चार वाजता डॉक्टर बाहेर आले. शीर जोडली, नवीन पाट वाहतो आहे. आई रडली. मीही रडलो, आणि ते खोटं नव्हतं.

तायडे साडेचारच्या गाडीनं निघून गेला. त्याला स्टेशनवर पोचवायलाही मी गेलो नाही.

अमरावती, बुधवार, २० फेब्रुवारी

वसंताला काल घरी आणलं. एक महिना एकट्यानं उठायचं नाही, जड उचलायचं नाही. मधल्या खोलीत खाट टाकली आहे. दिवसभर दादा, दादा चाललेलं असतं. दादा पाणी दे, दादा उशी सरळ कर, दादा पेपर वाचून दाखव. मला ते बरं वाटतं.

आईनं रक्त भरून येण्यासाठी मला रोज शेरभर दूध लावलं आहे, खारीक आणि डिंक घालून. अकोल्याहून तिनं पत्रानं कळवलं होतं, तेव्हा शाळेसाठी मी परत आल्यावर चारुशीलेनं सुरू केलं, आता आई जातीनं उकळते. समोर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला लावते. पहिल्या दिवशी घशाखाली उतरेना. आता उतरतं. परवा साय कमी होती, तर मीच साय मागितली. हे लिहिताना कान तापले.

चारुशीलेनं पहिल्याच दिवशी अंघोळीचं पाणी काढताना माझे दोन्ही दंड पाहिले. म्हणाली, कुठं टोचलं ते दिसत नाही. मी म्हणालो, बुजलं. तेव्हापासून ती दुधाचा पेला माझ्या हातात देत नाही, फळीवर ठेवते आणि जाते. तिला कामं फार पडतात सध्या.

अमरावती, शनिवार, २ मार्च

रात्री जेवताना वसंता आईला म्हणाला, दादाचं रक्त आहे आता माझ्या अंगात, म्हणून आजकाल मला शिस्तीत राहावंसं वाटतं. सगळे हसले. चारुशीला उठून आत गेली.

मग त्यानं विचारलं, धर्मा काहून नाही आला एवढ्यात? मी म्हणालो, परीक्षांची घाई आहे. खरं म्हणजे तायडे सोमवारी कवायतीच्या वेळी मैदानावर चक्कर येऊन पडला आणि तेव्हापासून रजेवर आहे. त्याचे तास माझ्याकडे आले, म्हणून मी दोन दिवस चिडचिड करत होतो.

अमरावती, रविवार, ३ मार्च

आज सकाळी तायड्याकडे गेलो. चार वर्षं एका शाळेत आहोत आणि त्याचं घर मला विचारत विचारत शोधावं लागलं.

तो बाजेवर पडला होता. ओठ पांढरे, नखं पांढरी. दवाखान्यात वसंताला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो असाच दिसत होता. त्याची बायको भागीरथा हिनं मला खुर्ची दिली आणि उभ्या उभ्याच बोलली. “चार दिसांत दोन बाटल्या रगत देल्लं यायनं, अन् मले सांगतलं बी नाई. मांगच्या पावसाळ्यात हिवतापानं अंगात काई ठेवलं नोतं. वर रोज सायकल.” ती माझ्यावर रागावलेली नव्हती. मी या गोष्टीत कुठं आहे, हेच तिला माहीत नव्हतं. चहा टाकायला आत गेली.

मी म्हणालो, तायडे, मला एक सांगायचं आहे, ती कावीळ.

“मले माहीत आहे सर,” तो म्हणाला. शाळेत तो माझ्याशी पुस्तकी बोलतो. आज घरात होता. “नोव्हेंबरातच समजलं. तुमी दरसाली पोरायले सांगता, शाळेचा माझा एक दिवस बुडाला नाई. कावीळ झाल्यावर कोन शाळेत येते?”

मी विचारलं, मग डॉक्टरांना का सांगितलं?

“तुमी पलंगावरून उठून पयाले असते, त वसंताले कयलं असतं. ऑपरेशनच्या आधी त्याले काहून समजू द्याचं, का सख्खा भाऊ पयाला म्हणून?” थोडा वेळ तो श्वास घेत राहिला. “मी त्याच्यासाठी देल्लं. तुमच्यासाठी नाई. कॉलेजात माझ्या डब्यातली भाकर खाल्ली त्यानं, चार लोकायसमोर. तुमी वाईट वाटून घेऊ नका.”

म्हणजे भोळा तो नव्हता. महिनाभर मी त्याच्यावर मनातून रागावलो होतो, आणि तो मी वसंताच्या नजरेतून उतरू नये म्हणून उभा होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, ते जाऊ द्या, नववीचं वर्गमूळ झालं का? चहा आला. मी प्यालो. मग मी वर्गमुळाबद्दलच बोलत बसलो. निघताना तो म्हणाला, वसंताला आताही सांगू नका. मी मान हलवली.

त्याच दिवशी, दुपार

घरी आलो तर आईनं दूध समोर ठेवलं. नको म्हणालो. ती म्हणाली, घे, अजून चेहरा उतरलेला आहे तुझा. आणि मग मला थांबताच आलं नाही. स्वयंपाकघरातच सगळं सांगितलं. कावीळ झाली नव्हती, मी दिलं नाही, धर्मपालनं दिलं, दोन्ही हातांचं दिलं, तो तिकडं पडून आहे. चारुशीला भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत.

आईनं माझ्यापुढचा पेला उचलून घेतला. मला वाटलं आता सोवळ्याओवळ्याचं निघेल, कुणाचं रक्त माझ्या लेकाच्या अंगात घातलं म्हणेल. त्याचं उत्तर मी वाटेत तयार करून ठेवलं होतं, चांगलं सुधारकी. ते वापरायची वेळच आली नाही.

ती म्हणाली, “मग त्याले दूध कोण देते?”

मला माहीत नव्हतं. तिथं तासभर बसून मी हे विचारलंही नव्हतं.

आईनं पेल्यातलं दूध परत भांड्यात ओतलं, वर फडकं बांधलं, डिंकाच्या लाडवांचा डबा खाली काढला. मी म्हणालो, मी नेऊन देतो, घर मला ठाऊक आहे. तिनं पायात चपला सरकवल्या.

“तू नको,” ती म्हणाली. “चारू, चल.”

चारुशीलेनं तवा उतरवला, हात धुतले आणि डबा घेतला. माझ्याकडे न पाहता तिनं घर कुठल्या गल्लीत ते विचारून घेतलं. दोघी गेल्या.

मधल्या खोलीचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरातलं तिथं सगळं ऐकू जातं. मी पायरीशी उभा राहिलो आणि वसंता हाक मारेल म्हणून वाट पाहिली. या वेळी त्याला पाणी लागतं. कोपऱ्यातल्या तिवईवर तांब्या आहे, खाटेपासून चार पावलांवर.

थोड्या वेळानं खाट वाजली. डॉक्टरांनी एकट्यानं उठू नको म्हणून बजावलेलं आहे. वसंता एक हात पोटावर धरून, दुसऱ्यानं भिंत धरत, एकेक पाऊल टाकत तिवईपर्यंत गेला. मी दारात होतो, त्यानं मला पाहिलं. त्यानं स्वतः पाणी ओतून घेतलं, प्यायला, आणि तसाच भिंत धरत जाऊन निजला.